सव्वाशेचं माप

कौसल्याबाई वायचळांनी खिडकीच्या फळीवर आधी माझा रिपोर्ट ठेवला, मग त्याच्या शेजारी आपली पिवळी टेप उलगडून ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, ह्या दोघांतलं एकजण खोटं बोलतंय. कोण ते सांगा, म्हणजे मी घरी जाते."

मंगळवार, सकाळचे साडेदहा. मागं रांगेत वीसेक माणसं. मी माझं ठेवणीतलं हसू काढलं. ते हसू मी एकोणीस वर्षं वापरत होते. त्याचा अर्थ 'डॉक्टरांना विचारा' असा होतो, आणि तो मिरज, सांगली, जयसिंगपूर, पलीकडं अथणीपर्यंतच्या माणसांना बरोबर कळतो. कौसल्याबाईंना तो कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी घेतला नाही. म्हणून तोंडानं म्हणाले, "डॉक्टरांना विचारा."

"त्यांना विचारूनच आलोय. त्या म्हणतात, आकडा लॅबचा आहे."

लॅब म्हणजे मी. मिरजेतल्या एका कॅन्सर रुग्णालयात मी मुख्य तंत्रज्ञ होते. नाव मंदाकिनी आवटी, पण 'मुख्य' म्हटल्याशिवाय मी ते सहसा सांगत नसे. खिडकीतून रिपोर्ट देता देता मला माणसं रकान्यांत टाकायची खोड लागली होती. पाकीट जिन्यातच फोडणारे मुलगे एका रकान्यात, न फोडता कपाळाला लावणाऱ्या सासवा दुसऱ्या. नवऱ्यांचा रकाना सगळ्यांत सोपा. ते 'नॉर्मल आहे ना' असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत स्वतःच मान हलवून निघून जातात. तीन महिने झाले, कौसल्याबाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या.

बावन्न वर्षांच्या. मार्केटमागच्या बोळात ब्लाउज शिवायचं दुकान, दोन मशिनं, हाताखाली दोन मुली. अर्ध्या गावातल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही त्यांनी कधी दुसरीला सांगितलं नव्हतं, त्यामुळं दुकान जोरात. पहिल्यांदा रक्त द्यायला आल्या तेव्हा सुई टोचताना मी त्यांना दुसरीकडं बघायला सांगितलं. त्यांनी दुसरीकडं म्हणून माझ्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं की माझा डावा खांदा अर्धा इंच उतरतो, आणि माझ्या शिंप्याला ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी घरी जाऊन आरशात पाहिलं. उतरत होता.

त्यांना अंडाशयाचा कॅन्सर होता. पोटात पसरलेला, पोटात पाणी झालेलं. असं असलं की आधी केमोचे तीन डोस द्यायचे, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन डोस, अशी आमच्याकडची पद्धत. आणि ह्या सगळ्या प्रवासात बाई कुठवर आली हे सांगणारी रक्ताची एक चाचणी असते, सीए एकशे पंचवीस. आम्ही लॅबमध्ये तिला नुसतं 'सव्वाशे' म्हणायचो. ह्या आजारात रक्तातलं एक प्रथिन वाढतं, ते ती मोजते. पस्तिसाच्या आत असलं म्हणजे ठीक.

पण डॉ. शिरगुप्पी, आमच्या कॅन्सरच्या सर्जन, एकट्या आकड्याला कधी भीक घालत नसत. आकडा केवढा आहे यापेक्षा तो कसा उतरतोय याकडं त्यांचं लक्ष. तिसऱ्या डोसानंतर सव्वाशे पस्तिसाच्या आत आला, की औषध लागू पडतंय, ऑपरेशनमध्ये सगळं निघायची आशा मोठी, आणि बाई पुढं वर्षं काढते. उतरता उतरता मधेच चढला, की औषध हरलं. मग पोट उघडण्यात अर्थ नाही, औषध बदलायचं, आणि पुढचं सगळं महिन्यांत मोजायचं. हे त्यांनी कौसल्याबाईंना पहिल्याच दिवशी जसंच्या तसं सांगितलं होतं, कारण कौसल्याबाईंनी ते तसंच मागितलं होतं. गोड बोलून कापड खराब करणारे पुष्कळ बघितलेत, असं म्हणाल्या होत्या म्हणे.

त्यांचे आकडे असे आले. सुरुवातीला अठराशे साठ. पहिल्या डोसानंतर नऊशे वीस. दुसऱ्यानंतर दोनशे दहा. त्या दिवशी त्यांच्याबरोबर येणाऱ्या नणंदेनं, अक्काताईंनी, खिडकीतून मला शेंगदाण्याचा लाडू दिला होता. तिसऱ्या डोसानंतरचा आकडा सोमवारी गेला. तीनशे दहा.

शनिवारचं ऑपरेशन डॉ. शिरगुप्पींनी त्याच दुपारी रद्द केलं. गुरुवारी सकाळी नवं औषध चालू करायचं ठरलं. त्यांनाही ते रुचलं नव्हतं. स्कॅनमध्ये गाठी बारीक झाल्यासारख्या वाटत होत्या, पण ठाम काही म्हणता येत नव्हतं. म्हणून त्यांनी आमच्या लॅबप्रमुखांना, डॉ. गोगट्यांना, फोन करून आकड्याची खात्री आहे ना असं विचारलं होतं. गोगट्यांनी उत्तर दिलं, "आकडा आमच्या लॅबचा आहे." त्यांच्या मते एवढं पुरे होतं. माझ्याही.

आणि आता ही टेप.

"बघा की," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी पोलक्यातून चौकोनी पुठ्ठा काढला. ब्लाउजच्या कापाचा जुना पुठ्ठा, मागं पेन्सिलीनं तारखा. "प्रत्येक डोसाआधीच्या सोमवारी अंघोळीआधी, उपाशीपोटी, बेंबीवरनं माप घेते. पहिल्याला एक्केचाळीस. मग एकोणचाळीस. मग साडेछत्तीस. काल चौतीस. तुमचं यंत्र म्हणतंय आजार वाढला. मग वाढलेला आजार माझ्या कंबरेत न बसता गेला कुठं?"

मी शिकवलेलं उत्तर दिलं. पोटातलं पाणी वेगळं आणि रक्तातला आकडा वेगळा, पाणी कमी झालं तरी आकडा वाढू शकतो, वगैरे. खोटं नव्हतं ते. पण मी ते ज्या सुरात म्हटलं तो सूर आठवला की आजही मान खाली जाते. शाळेत न गेलेल्या माणसाला फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा.

अक्काताई इतका वेळ थर्मास धरून मागं उभ्या होत्या. पासष्टीच्या, नवरा गेल्यापासून भावाकडं राहणाऱ्या. बत्तीस वर्षांत ह्या भावजयीबद्दल एक चांगला शब्द त्यांच्या तोंडून गेला नसेल, आणि डोसाच्या एकाही दिवशी तिला त्यांनी एकटं सोडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कौसल्ये, चल. ह्या बाईला कंबर नसती, नुसता आकडा असतो."

"थांबा ओ वन्सं. भांडायला नाही आलो." मग माझ्याकडं वळून, "बाई, हे माप तुम्ही घेता का यंत्र घेतं?"

म्हटलं, यंत्र घेतं. दोनच आठवड्यांपूर्वी नवं आलंय, जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"नवं?"

"अगदी नवं."

कौसल्याबाईंनी टेप बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. हे त्यांचं विचार करणं असावं. मग अगदी सहज, दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगायला लागल्या. त्यांच्याकडं नवी मुलगी कामाला आली की पहिल्या महिन्यात एक चूक हमखास करते. कापायच्या मापात कौसल्याबाई माया धरूनच आकडा लिहितात. माया म्हणजे शिवणीत आत दुमडायला सोडलेलं जादा कापड. पण ती मुलगी आधी जिथं काम करायची तिथं माया आपली आपण धरायची पद्धत असते. म्हणून ती लिहिलेल्या आकड्यावर पुन्हा माया धरते. "पोरगी हुशार असते बाई. दोघींचंही गणित बरोबर असतं. आणि झंपर घालून बघितलं तर आत दोन बायका मावतील."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मी हसले नाही. मला आमची लाल शाई आठवली.

ती का आठवली हे समजायला आमची पद्धत सांगायला हवी. जुन्या यंत्राला पाचशेच्या वरचा सव्वाशे मोजता यायचा नाही. म्हणून ज्या बाईचा पहिला आकडा मोठा यायचा, तिचं सीरम, म्हणजे रक्तातून वेगळा काढलेला पिवळट द्रव, आम्ही दहापट पातळ करायचो. एक भाग सीरम, नऊ भाग पातळ करायचं पाणी. मग यंत्र जो आकडा दाखवील तो नोंदवहीत लिहायचा, पुढं लाल शाईनं 'गुणिले दहा' करायचं, आणि गुणाकार रिपोर्टवर चढवायचा. आणि एकदा जी बाई पातळ करायच्या यादीत गेली ती आकडा उतरला तरी शेवटपर्यंत यादीतच. गोगट्यांचा नियमच होता तो, म्हणजे एकाच बाईचे सगळे आकडे एकाच रीतीनं मोजलेले असावेत. नियम वाईट नव्हता.

नव्या यंत्राला नमुना देताना तो किती पट पातळ केलाय हे बटणं दाबून सांगावं लागे. आणि एकदा सांगितलं की गुणाकार ते स्वतःच करायचं.

मी खिडकी बंद केली. एकोणीस वर्षांत वेळेआधी पहिल्यांदा. कौसल्याबाईंना म्हटलं, "इथंच बसा. कुठं जाऊ नका." अक्काताई रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या की आता बाईला कंबर फुटली वाटतं.

आत जाताना माझ्या डोक्यात चूक कुणाची हे नक्की झालं होतं. दुपारपाळीचा मुजावर. माणूस कामाला चांगला, पण काम करताना गुणगुणायचा, आणि गुणगुणणाऱ्या माणसावर माझा भरवसा नसे. माझ्या मनातल्या त्याच्या रकान्यात 'घाई' असं कधीचं लिहून ठेवलं होतं. यंत्राच्या कागदी पट्टीची गुंडाळी काढली, शनिवारचा दिवस शोधला. वायचळ कौसल्या, पातळ दहापट, आकडा एकतीस. छापलेला, स्वच्छ, गुणाकार झालेला. एकतीस.

मग नोंदवही उघडली. वायचळ कौसल्या, एकतीस. पुढं लाल शाईत गुणिले दहा. त्यापुढं तीनशे दहा.

मुजावर तेव्हाच कामावर येत होता. मी वही त्याच्यासमोर धरली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. त्यानं वही बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि वही पुन्हा माझ्याकडं वळवली. वही नुसती वळवण्यात एवढी सभ्यता असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मी पुन्हा खाली पाहिलं. लाल शाईतला दहाचा एकडा वर जराशी चोच काढलेला होता. मुजावर एकडा सरळ काढायचा. चोचीचा एकडा सगळ्या लॅबमध्ये एकच माणूस काढायचं. मी.

मग त्याला बोलावंच लागलं. यंत्र आलं त्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरला त्यानं विचारलं होतं, की आता आपण गुणायचं नाही ना. आणि मी मधेच म्हटलं होतं की आमच्याकडं गुणाकार मी बघते. मला आठवलं. इंजिनिअर अर्धा दिवस इंग्रजीत समजावत होता आणि मी अर्धा दिवस मान हलवत होते. मुजावरनं स्वतः केलेल्या नमुन्यांना लाल शाई लावलीच नव्हती. मी आपली लावत गेले, कारण लाल शाई लावली नाही तर मला काम अपुरं वाटायचं.

यंत्र ठीक मोजतंय ना हे बघायला आम्ही रोज एक ठरावीक नमुना लावायचो, तो रोज बरोबर येत होता. येणारच. तो कधी पातळ करत नाहीत.

"सीरम आहे अजून?" मी विचारलं.

"फ्रीजमध्ये. सात दिवस ठेवतोच की बाई."

पातळ न करता लावलं. यंत्राला त्या चाचणीसाठी पंचवीस मिनिटं लागायची. त्या पंचवीस मिनिटांत मी पंधरा दिवसांची लाल शाई मोजली. चार नमुने दोनदा गुणले होते. कौसल्याबाईंचा धरून चार. उरलेल्या तिघींपैकी एकीचं पाकीट अजून आमच्या खणातच होतं. दोघींचे डॉक्टर कोण ते मुजावरनं शोधून काढलं. दोघींची पुढची तारीख शुक्रवारची होती, म्हणजे औषध बदललं गेलेलं नव्हतं. त्याच्याच फोनवरून त्यानं दोन्हीकडं रिपोर्ट थांबवायला सांगितलं, माझं नाव न घेता. नाव मी नंतर स्वतः घातलं.

यंत्रानं पट्टी बाहेर सोडली. तीस पूर्णांक आठ.

मी पट्टी फाडून घेतली आणि वहीतल्या तीनशे दहाच्या शेजारी धरली. तीनशे दहा म्हणजे औषध हरलं होतं. तीस पूर्णांक आठ म्हणजे तीन डोसांत अठराशे साठवरून पस्तिसाच्या आत. ह्या आजारात ह्याहून चांगला उतार मी तोवर दोनदाच लिहिला होता. त्या दोन्ही बाया तेव्हाही चालत्या-बोलत्या होत्या.

गोगटे त्यांच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. सभ्य गृहस्थ. तीस वर्षांत लॅबमधून 'सुधारित रिपोर्ट' असा कागद गेलेला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एक सरळ वाट सुचवली. आज बाईंचं ताजं रक्त घ्या, ताजा रिपोर्ट द्या, तीस येईल. जुन्याला हात लावायची गरज काय? आकडा खाली आला, सगळे खूश.

मी त्यांना हळूच म्हटलं की शनिवारी तीनशे दहा आणि मंगळवारी तीस असा रिपोर्ट डॉ. शिरगुप्पींनी पाहिला, तर त्या आकड्यावर नाही, आपल्यावर अविश्वास दाखवतील. आणि अविश्वास दाखवला की त्या थांबून बघतील. थांबून बघायचं म्हणजे शनिवारचं ऑपरेशन गेलं, आणि तोवर ठरल्याप्रमाणं गुरुवारी नको ते औषध गेलं अंगात.

"मग काय लिहायचं म्हणता?"

"चूक झाली असं."

"कुणाची?"

"माझी."

मला वाटलं, आता तीस वर्षं मधे येणार. पण ते म्हणाले, "लिहा. मात्र माझी सहीही घ्या. मी फोनवर जे बोललो ते मीच बोललो होतो." आणि एरवी अर्धं पान व्यापणारी सही त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एवढीशी केली. मी त्या माणसाला इतकी वर्षं ज्या रकान्यात ठेवलं होतं, तो मला तिथल्या तिथं खोडावा लागला. त्या दिवशी खोडाखोड फार झाली.

शस्त्रक्रियेची शनिवारची यादी मंगळवारी एकला बंद व्हायची. पावणेएक झाले होते. मी बाकावरून कौसल्याबाईंना उठवलं आणि तिघी मिळून दुसऱ्या मजल्यावर निघालो. लिफ्ट बंद होती. अक्काताई प्रत्येक पायरीला काहीतरी म्हणत होत्या, त्यातलं निम्मं लिफ्टला होतं आणि निम्मं मला. काय झालंय ते मी जिन्यातच सांगितलं. आडपडदा न ठेवता, दोनदा गुणलं इथपासून लाल शाई माझी इथपर्यंत.

कौसल्याबाई एका पायरीवर थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्यांनी विचारलं, "म्हणजे माया दोनदा धरली?"

"दोनदा धरली."

"टेप खरं बोलत होती."

"टेप खरं बोलत होती."

त्यांनी डोळे मिटले, कठडा घट्ट धरला, आणि एवढंच म्हणाल्या, "वन्सं, चहा द्या." तिथं जिन्यात थर्मासच्या झाकणातून त्यांनी अर्धा कप चहा प्यायला. अक्काताईंचं तोंड सुरूच होतं. कालची सबंध रात्र ही बया भिंतीकडं तोंड करून पडली होती, कुणाला किती पैसे द्यायचेत आणि कुणाचे झंपर अपुरे आहेत ते मला लिहून घ्यायला लावत होती, असं त्या मला सांगत होत्या. सांगता सांगता त्या माझ्यावर रागावल्या की रडल्या हे मला नीट समजलं नाही. बहुतेक दोन्ही.

डॉ. शिरगुप्पींच्या खोलीबाहेर गर्दी होती. मी तीतून वाट काढली. लॅबच्या पांढऱ्या कोटाचा तो पहिला आणि शेवटचा गैरवापर. त्यांनी सुधारित रिपोर्ट वाचला, पट्टी पाहिली, मग जुना रिपोर्ट मागवून दोन्ही शेजारी ठेवले. एरवी त्या रुग्णासमोर लॅबच्या माणसाला काही विचारत नसत. त्या दिवशी विचारलं.

"हे कुणी पकडलं?"

मी म्हटलं, "ह्यांनी." आणि कौसल्याबाईंच्या हातातला पुठ्ठा पुढं केला.

डॉक्टरांनी पुठ्ठ्यावरची पेन्सिल वाचली. एक्केचाळीस, एकोणचाळीस, साडेछत्तीस, चौतीस. मग कौसल्याबाईंना टेबलावर निजवून स्वतः पोट तपासलं. उठताना त्या म्हणाल्या, "कौसल्याबाई, माझी चूक अशी की स्कॅन आणि माझे हात एक म्हणत होते, आणि मी फोनवर विश्वास ठेवला. शनिवारी सकाळी आठला. चालेल?"

"आठला नळाला पाणी येतं," अक्काताई म्हणाल्या. "पण एक दिवस पाण्याविना काढू. येतो."

डॉ. शिरगुप्पींना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. एक वाजायला चार मिनिटं होती. त्यांनी फोन उचलून शनिवारच्या यादीत पहिलं नाव घातलं, आणि गुरुवारचं औषध रद्द केलं.

खरी परीक्षा शनिवारी होती. आकडा काही म्हणो, पोट उघडल्यावर आत काय दिसेल हे कुणीच सांगू शकत नाही. साडेपाच तास लागले. माझी सुट्टी होती, पण मी लॅबमध्ये जाऊन बसले, आणि मुजावर काही न विचारता दर तासाला वर जाऊन येत होता. दीड वाजता तो गुणगुणत खाली आला. त्या दिवसानंतर मी त्याला कधी गुणगुणू नको म्हटलं नाही.

डॉक्टरांचं वाक्य त्यानं जसंच्या तसं आणलं होतं. डोळ्यांना दिसेल असं काहीही आत राहिलेलं नाही. उरलेल्या तीन डोसांना आता काम कमी.

लॅबमध्ये मग काही दिवस चांगलीच धावपळ झाली. लाल शाई बंद झाली. पातळ केलेला नमुना एकदा तरी पातळ न करता लावून बघायचा, असा नियम गोगट्यांनी स्वतः लिहून भिंतीवर चिकटवला, आणि पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवायला लागले. मला एक लेखी समज मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे. रुग्णालयानं माझ्याबद्दल लिहिलेलं इतकं खरं दुसरं काही माझ्याजवळ नाही.

कौसल्याबाईंचा सव्वाशे चौदावर आला, मग अकरा, मग नऊ. मग आधी दर तीन महिन्यांनी आणि पुढं दर सहा महिन्यांनी त्या यायच्या. दोनेक वर्षांनी एकदा आकडा एकोणीसवर गेला. तेव्हा मी तीन वेळा मोजला आणि पुढच्या खेपेपर्यंत मला नीट झोप लागली नाही. पुढच्या खेपेला दहा. मधल्या काळात त्यांनी मला दोन ब्लाउज शिवून दिले. डाव्या खांद्याला आतून पट्टी. माझा खांदा सरळ असल्याचं त्यानंतर चारजणांनी सांगितलं.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी त्या अशाच एकदा आल्या. म्हणजे ऑपरेशनला दहा वर्षं झाली होती. बरोबर अक्काताई, आता काठी घेऊन, पण जीभ शाबूत. मी आकडा लिहायला नोंदवही काढली. सव्वाशेच्या त्या वहीत मी एकेका बाईला एकेक पान देत असे. एका पानावर तीस ओळी. खरं सांगायचं तर फार थोडी पानं शेवटपर्यंत भरायची. पाचसात ओळी झाल्या की खाली कोरा भाग उरायचा, आणि त्या कोऱ्या भागाकडं मी बघायचं टाळायची. कौसल्याबाईंच्या पानावर वरून चौथ्या ओळीत तीनशे दहा खोडलेला होता, शेजारी तीस पूर्णांक आठ आणि माझी सही. त्याखाली एकाखाली एक बारीक आकडे, थेट तळापर्यंत. शेवटची ओळ सहा महिन्यांपूर्वीच भरली होती.

कौसल्याबाईंनी मान पुढं करून पाहिलं. "पान संपलं?"

"संपलं."

"मग आता?"

"पुढचं जोडते."

"जोडा की," त्या म्हणाल्या आणि बाही वर करून हात पुढं केला. "कापड कमी पडलं तर आम्हीपण जोडच देतो. फक्त जोड दिसू देऊ नका."

अक्काताई मागून म्हणाल्या, एक पान पुरलं नाही हिला, असली खर्चिक आहे.

मी दोन्ही पानांच्या मधे खळ लावली, कडेला कड जुळवली, नव्या पानावर नाव लिहिलं, आणि सुई घेतली.